टिकली, वय ४, रेफर्ड बाय आप्पा

आमच्या लॅबच्या रजिस्टरला जुलैमधली एक एंट्री आहे. पेशंट टिकली, वय ४, फिमेल, टेस्ट सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब), रेफर्ड बाय आप्पा. महिनाअखेरीला हिशोब लावताना सरांनी हाक मारली की ही टिकली कोण आणि हिचे पैसे का नाही घेतले. मला खोटं बोलता येत नाही, सांगून टाकलं, सर ती आमची गाय आहे. सर दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाले, "हिमोग्लोबिन किती आलं होतं?"

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलाय, सात वर्षं झाली तालुक्याच्या गावी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. घरी आप्पांचा गोठा, पाच गाई. त्यातल्या चार जर्सी, म्हणजे खरं तर एचएफ (होल्स्टीन) क्रॉस, पण आमच्याकडं काळीपांढरी दिसली की ती जर्सीच. पाचवी खिलार, जिच्यावरून आई रोज बोलते आणि आप्पा रोज ऐकत नाहीत.

टिकलीच्या आधी गंगीचं सांगायला पाहिजे, कारण तिथं आम्ही माती खाल्ली होती. मागच्या वर्षी गंगीची कास सुजली, एका सडातून दुधाच्या गाठी यायला लागल्या. गावात सुया मारायला येणारा एक जण आहे, त्यानं सडात ट्यूब सोडली, वरून इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी दुसरी ट्यूब, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच कंपनीची. चौथ्या दिवशी मला फोन आला की दूध तपासता येतंय का बघ. म्हटलं आता काय तपासू? तरी बाटलीत घेऊन ओळखीच्या ठिकाणी कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघायला लावलं. रिपोर्ट आला, नो ग्रोथ. आप्पा म्हणाले, "म्हणजे जंतू नाहीत, बरं झालं." अहो बरं कुठलं झालं! तीन दिवस औषध ओतल्यावर प्लेटवर काय उगवणार? जंतू तिथं असतीलही, पण औषधानं दबलेले, त्यामुळं कुठला जंतू आणि कुठलं औषध त्याला लागू पडतं हे कळायची वेळ निघून गेली. गंगीचं ते सड कायमचं आटलं. आता ती तीन सडांवर आहे.

हेच पहिल्या ट्यूबच्या आधी केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. सड धुवून कोरडं करायचं, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवायचा, पहिल्या दोनचार धारा सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडं दूध घ्यायचं, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. बाटली आडवी अशासाठी की उभी धरली तर कासेवरची घाण, केस आत पडतात आणि मग प्लेटवर शेणातलेच जंतू उगवतात. आणि मुळात तेवढंही थांबायला नको होतं. सूज दिसायच्या कितीतरी आधी दुधात पेशी वाढलेल्या असतात, ते घरी कळतं. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम धुण्याची पावडर, ते पाणी आणि दूध सारखंच घेऊन बशीत हलवायचं. चांगलं दूध पातळच राहतं. कासदाह आतल्या आत सुरू असेल तर त्या पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण शेंबडासारखं घट्ट होतं. प्रत्येक सडाचं वेगळं बघायचं, आणि दूध नंतर सांडायचं, मांजराला नाही घालायचं. आता आई महिन्यातून एकदा करते, त्याला ती "निरम्याची टेस्ट" म्हणते, पावडर कुठलीही असो.

तर टिकली. जुलैत पाऊस नुसता भुरभुरत होता, गोठ्यात गोचीड झालेले. सकाळी दादाचा फोन, टिकलीनं वैरण सोडली, धापा टाकतीय, दूध निम्म्यावर, ताप १०६. गाईचा नेहमीचा साडेएकशेएकच्या आसपास असतो, म्हणजे बघा. आणि वर म्हणतोय की आप्पांनी त्या सुईवाल्याला बोलावलंय. मी अक्षरशः ओरडले, त्याला चहा पाजा, बसवून ठेवा, पण सुई लावू देऊ नका, मी येते. तेरा किलोमीटर स्कूटीवर, पिशवीत काचेच्या स्लाइडा, लॅन्सेट, दोन जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा.

कानाच्या कडेला एक बारीक शीर असते. केस कापायचे, स्पिरिटनं पुसून कोरडं होऊ द्यायचं, टोचायचं, आणि आलेला थेंब स्लाइडच्या टोकाला घेऊन दुसऱ्या स्लाइडनं एका दमात पुढं ढकलायचा. रोज मी हे शंभर वेळा करते, पण माझे पेशंट कान झटकत नाहीत. पहिल्या दोन स्लाइडा गेल्या. तिसरी चांगली आली, मी ती गव्हाणीच्या कडेवर वाळायला ठेवली, मानेच्या शिरेतनं ट्यूबमध्ये रक्त घ्यायला वळले आणि परत येऊन बघते तर स्लाइडवर माशा बसलेल्या. माशा स्मिअर खातात हो, खरंच खातात, मधेमधे टक्कल पडल्यासारखे ठिपके दिसतात. चौथी स्लाइड दादाच्या हातात दिली आणि वाळेपर्यंत टोपीनं वारा घालायला लावला. सुईवाला बसून बघत होता. "ताई, एवढं कशाला, गोचीड तापच आहे." असेल ना बाबा. पण मागच्या वर्षी गंगीला तू तीन दिवसांत तीन वेगवेगळे आजार सांगितले होतेस. हे मी मनातच बोलले.

गोचिडामुळं आमच्याकडं मुख्यतः तीन आजार होतात, थायलेरिया, बबेसिया, अॅनाप्लाझ्मा. तिन्हीत ताप, तिन्हीत जनावर पांढरं पडतं, आणि तिन्हींना गावात एकच नाव, गोचीड ताप. पण औषधं वेगळी. बबेसियात लघवी लाल, कॉफीसारखी होते, तेवढी खूण असते, पण ती सुरुवातीला दिसेलच असं नाही. मायक्रोस्कोपखाली मात्र तिघं वेगळे. बबेसिया तांबड्या पेशीत नाशपतीसारखे दोन दोन जोडीनं, अॅनाप्लाझ्मा पेशीच्या अगदी कडेला एक गडद ठिपका, आणि थायलेरिया बारीक अंगठी नाहीतर स्वल्पविराम.

लॅब बंद झाल्यावर लिशमन स्टेन केला, आपला मलेरियाला करतो तोच. ऑइल टाकून १०० च्या लेन्सखाली घेतलं आणि पहिल्यांदा मी घाबरले ते भलत्याच गोष्टीला. सगळीकडं लिंफोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार! माणसात एवढे दिसले तर मी पॅथॉलॉजिस्टना फोन केला असता. मग आठवलं कुठंतरी वाचलेलं की गाईच्या रक्तात लिंफोसाइटच जास्त असतात, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी कमी, आपल्या उलटं. तांबड्या पेशीही आपल्यापेक्षा लहान. (गंमत म्हणून ईएसआर पण लावला होता, म्हणजे नळीत तांबड्या पेशी किती खाली बसतात ते बघायचं, तो तासाभरात जवळजवळ हललाच नाही. गाईच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतच नाहीत, मग खाली कशा बसणार. माणसाच्या सवयी गाईला लावायला गेलं की असं तोंडावर पडायला होतं.) आमच्या पेशी मोजायच्या मशीनवर हिमोग्लोबिन ६.८ आलं. गाईला ८ ते १५ पाहिजे. मशीननं प्लेटलेटचा जो आकडा दिला तो मी बघितलाच नाही, ते मशीन माणसाच्या पेशींच्या मापावर सेट आहे.

आणि मग पेशींच्या आत त्या अंगठ्या. प्रत्येक फील्डात पाच-सात. मला एकदम मलेरियाचा फाल्सिपॅरम बघतीय असं झालं.

आयपीसला मोबाईल लावून फोटो काढला आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना पाठवला. वाटलं होतं मॅडम शाबासकी देतील आणि औषधाचं नाव सांगतील. त्यांनी लिहिलं, "छान स्मिअर. पण फोटोवर मी ट्रीटमेंट देत नाही, सकाळी येते."

सकाळी मॅडम आल्या, तापमान घेतलं, पापणी उलटी करून बघितली, मग खांद्याच्या पुढं हात घातला आणि माझा हात धरून तिथं ठेवला. लिंबाएवढी टणक गाठ. म्हणाल्या, तुझ्या स्लाइडवर अंगठ्या आहेत हे खरं, पण एकदा थायलेरिया होऊन बऱ्या झालेल्या गाईच्या रक्तातही थोड्या अंगठ्या राहतात, ताप दुसऱ्याच कशाचा असू शकतो, म्हणून गाठीतलं बघू. त्यांनी त्या गाठीत सुई घालून थेंबभर पाणी ओढलं, त्याची स्लाइड केली. ती मी दुपारी लॅबमध्ये रंगवली. लिंफोसाइटच्या आत निळ्या-जांभळ्या रंगाचे, आत ठिपके असलेले गोळे. कॉख्स ब्लू बॉडीज, म्हणजे थायलेरियाच आहे याची खूण. हे कॉख म्हणजे आपले टीबीवाले रॉबर्ट कॉख. मी सात वर्षं टीबीच्या थुंकीच्या स्लाइडा बघतीय, ते गाईच्या गाठीत भेटतील असं वाटलं नव्हतं.

मॅडमनी त्याच संध्याकाळी थायलेरियावरचं औषध, ब्युपारव्हाक्वोन दिलं, वजनाचा अंदाज घेऊन, मानेच्या स्नायूत खोल. बाकी सलाईन, लिव्हर टॉनिक वगैरे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्यानं ती रवंथ करताना दिसली आणि आप्पा गोठ्यातच बसून राहिले बराच वेळ. दूध पहिल्यासारखं व्हायला महिना गेला. शेजारच्या खिलारीला तेच गोचीड चिकटलेले होते, तिला काही म्हणजे काही झालं नाही. आप्पांनी आईकडं एकदाच बघितलं. मॅडम जाताना गोठ्याची भिंत दाखवून गेल्या. दगडी भिंत, फटीफटीत गोचीड. गाईला औषध चोळत बसायचं आणि भिंत तशीच ठेवायची असं आम्ही इतकी वर्षं करत होतो. आता फटी लिंपून घेतल्यात.

सरांनी मला झापलं, ते पण सांगते. जनावराचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये आणायचं नाही, काही आजार इकडून तिकडं जातात. बरोबर आहे त्यांचं. स्लाइड एकवेळ ठीक, पण उद्या कुणी गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या गाईचं काहीतरी बाटलीत भरून आणेल. आणि मेलेल्या जनावराचं तर विचारूच नका. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातोंडातनं न गोठणारं काळसर रक्त आलं, तर ते काळपुळीचं, म्हणजे अँथ्रॅक्सचं असू शकतं, आणि ते फाडायचंच नसतं. फाडलं की हवा लागून त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथंसुद्धा कानातल्या रक्ताची स्लाइडच घेतात, तीही डॉक्टरांनी, ग्लोव्हज घालून.

सरांचं म्हणणं मला पंधरा दिवसांतच पटलं. आमच्या शेजारच्या काकांची गाय सातव्या महिन्यात गाभडली. काकांनी जार, म्हणजे वार, हातानं ओढून काढली, ग्लोव्हज नाहीत, काही नाही, आणि वासरू उकिरड्यावर. शेवटच्या तीन महिन्यांत गाभडली की पहिला संशय ब्रुसेला या जंतूचा धरायचा. आणि ते माणसाला होतं, चढउतार होणारा ताप, सांधे धरणं, घाम. आमच्याकडं असे पेशंट विडालवर विडाल (टायफॉइडची टेस्ट) करून जातात, टायफॉइड टायफॉइड म्हणत. मी काकांना म्हटलं, काका, वासरू चुना टाकून खोल पुरा, आणि काकूंना सांगा दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. काका म्हणाले, "अगं धारोष्ण दुधानं कुणाला काय झालंय?"

मॅडम येऊन गाईचं रक्त लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये घेऊन गेल्या. सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वर येणाऱ्या पाण्याच्या थेंबात रोझ बेंगॉल या ब्रुसेलाच्या टेस्टचा गुलाबी थेंब मिसळून चार मिनिटं हलवतात, गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. मग पक्कं करायला पुढच्या टेस्टसाठी सॅम्पल पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातं. मॅडमनी दवाखान्यात केलेल्या टेस्टमध्ये गुठळ्या आल्या. औंधचा रिपोर्ट यायचाय. काकूंनी काल आमच्याकडं खरवसाचा डबा पाठवला होता, दुसऱ्या गाईचा आहे म्हणाल्या. आई डबा हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हटलं ठेव, आधी काकांना विचारून येते दुसरी गाय कुठं बांधतात.