अंगणातला दिवा आणि रात्रपाळीची लाईन

पुण्याहून फोन आला तेव्हा मी वरूडला एका कृषी केंद्रात कॅमेरे बसवत होतो. "दादा, गावच्या घरचे दिवे उलटे चालतात. संध्याकाळी बंद, रात्री दहाला चालू, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जळतात. आई वैतागली आहे आणि बिल वाढतंय ते वेगळंच." नोव्हेंबरचा मधला आठवडा होता.

'उलटे' म्हटल्यावर अर्धं निदान तिथंच झालं. त्या घरात चार दिव्यांचा रिमोटवर चालणारा बोर्ड होता: अंगण, ओसरी, देवघर, स्वयंपाकघर. मुलानं त्याच्यासोबत एक युनिव्हर्सल रिमोट आणून ठेवला होता. आत घड्याळ, स्वतःची बॅटरी, लॅपटॉपला जोडून प्रोग्राम करता येणारा. तो ओसरीतल्या फळीवर बसून संध्याकाळी साडेसहाला अंगण आणि ओसरीचं बटण दाबल्याचा इशारा बोर्डाला द्यायचा, रात्री दहाला पुन्हा तोच. गोम त्या 'तोच'मध्ये आहे. स्वस्त बोर्डाला बहुधा चालू करायचा वेगळा आणि बंद करायचा वेगळा असा कोड नसतो. एकच कोड, दिवा असेल तर घालवतो, नसेल तर लावतो. आणि बोर्ड रिमोटला उलट काही कळवत नाही, दिवा खरंच लागला की नाही हे रिमोटला कधीच समजत नाही.

आता आपल्याकडची लाईन. साडेसहाला दिवे लागले, आठला लाईन गेली, सव्वाआठला आली. लाईन परत आली की बोर्ड सगळं बंद ठेवून सुरू होतो. दहाला रिमोटनं 'बंद' म्हणून इशारा पाठवला, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला 'चालू' म्हणून पाठवला, दिवे गेले. पंधरा मिनिटं लाईन गेली की पुढचे सगळे दिवस उलटे. ज्यांनी हा बोर्ड बनवला त्यांनी खेड्यातली एक संध्याकाळ तरी पाहायला हवी होती.

दुपारी अडीच-तीनला घरी पोचलो. काकू एकट्याच बोलायला होत्या. काका आतल्या खोलीत गाढ झोपलेले. दाराशी चिखलानं भरलेले गमबूट, खिडकीत हातबॅटरी. हे सगळं मी पाहिलं, बूट ओलांडून आत गेलो आणि कामाला लागलो.

पहिली अडचण वेगळीच निघाली. रिमोटचा इशारा कधी पोचायचा, कधी नाही. फोनचा कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरला तर इन्फ्रारेडचा जांभळट ठिपका स्वच्छ दिसत होता, म्हणजे रिमोट ठीक. बोर्डाचा डोळा मात्र पश्चिमेला तोंड करून होता आणि तीननंतरचं ऊन थेट त्याच्यावर येत होतं. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यात रिमोटचा बारीक इशारा हरवतो. वायरिंगच्या कंड्युट पाईपचा इंचभर तुकडा कापून डोळ्याला नळकांड्यासारखा बसवला. ज्यानं आधी बोर्ड लावला त्याला हे सुचायला हरकत नव्हती, पण आमच्या धंद्यात लाईट लागला की पैसे घेऊन निघायची घाई फार.

मग खरं काम. हा बोर्ड ३८ किलोहर्ट्झवरचे एनईसी पद्धतीचे कोड ऐकतो, ही रिमोटचे इशारे मांडायची एक प्रचलित पद्धत. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांची ठोक, साडेचार मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट, म्हणजे शून्य-एकचे ३२ आकडे: यंत्राचा क्रमांक आणि त्याची उलट, हुकमाचा क्रमांक आणि त्याची उलट (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य). हुकमाला आठ बिट, म्हणजे २५६ हुकूम शक्य. सोबतच्या छोट्या रिमोटवर बटणं मात्र नऊ. माझा अनुभव असा की चिपला बटणांपेक्षा जास्त कळत असतं, कागदावर कुणी लिहीत नाही इतकंच. म्हणून लॅपटॉपवरून ० ते २५५ सगळे हुकूम ओळीनं पाठवले, प्रत्येकानंतर तीन सेकंद थांबून. एक फेरी तेरा मिनिटांची. पहिली फेरी सगळे दिवे बंद ठेवून, दुसरी सगळे लावून. मी बोर्डाच्या रिलेचा, म्हणजे दिवा लावणाऱ्या-घालवणाऱ्या आतल्या स्विचचा, टक्‌ आवाज ऐकत वहीत आकडे मांडत बसलो. काकूंनी चहा आणला तो निवला.

दुसऱ्या फेरीत एका आकड्याला चारही दिवे एकदम गेले. तोच हुकूम पुन्हा पाठवला. काही झालं नाही. मला हवं होतं ते सापडलं: 'सर्व बंद', कितीही वेळा पाठवला तरी बंदच. एवढा एक पक्का हुकूम हाती असला की पुरतं. आधी 'सर्व बंद', मग अर्ध्या सेकंदानं हवे ते दिवे एकेक. आता लाईन कितीदाही जावो, सुरुवात नेहमी एकाच जागेवरून.

साडेसहाही बदललं. मुलानं ती वेळ जूनमध्ये टाकली होती, तेव्हा आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आतच मावळतो, म्हणजे दिवे सरळ चालले असते तरी दिवेलागणीला पाऊण तास काळोख राहिला असता. बारा महिन्यांच्या वेगवेगळ्या वेळा भरल्या. बंद करायची वेळ मुलाला फोनवर विचारली. "दहाच ठेवा. दोघं नऊला झोपतात." ठेवली.

दिवेलागणीला अंगण, ओसरी, देवघर ओळीनं लागलं. काकूंनी देवघराकडे बघून हात जोडले. मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंचा फोन. "भाऊ, येऊन जाय. काल रात्री लय वाईट झालं असतं."

काका ओसरीत खाटेवर बसले होते. आठवडाभर त्यांच्याकडे रात्रपाळीची लाईन होती. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वेगळ्या लाईनला, थ्री फेज वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ऑटो लावला तर मोटर आपोआप सुरू होते, पण हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढं लावायला माणूसच लागतो. दिवसा वीज देणारे सौर फीडर जिथं पोचले तिथली माणसं यातून सुटली, या गावाची पाळी अजून आलेली नाही. काका रात्री दहाला वावरात जात, अडीचला परतत.

"तो लाईट बिघडेल होता तवाच बरं होतं पाय," काका म्हणाले. "फाटकातून येवो तं सारं अंगन दिसे. काल आलो तं गुडुप अंधार. बॅटरीचे सेल उतरेल. गोठ्यापाशी कुकरची शिट्टी व्हावी तसा फुत्कार आयकू आला. जागीच उभा रायलो. हिले आवाज देल्ला, हिनं घरातून लाईट लावला, तं दोन हातांवर घोणस."

पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, ढिगाशेजारी. ढीग मी आदल्या दिवशी पाहिला होता.

आठवडाभर चुकून जळणाऱ्या दिव्यात हा माणूस सुखरूप घरी येत होता. मी तेरा-तेरा मिनिटांच्या फेऱ्या करून ती चूक काढली आणि त्याच रात्री त्याच्या वाटेवर अंधार केला. काका रागावले नाहीत. "तुले कोनं सांगतलं नाई, तुले कसं माहीत," एवढंच म्हणाले. मला सांगायची गरज नव्हती. दुपारी तीनला झोपलेला शेतकरी आणि दारातले ओले गमबूट मला दिसले होते.

त्या दिवशी काकांना शेजारी बसवून प्रोग्राम नव्यानं लिहिला. रिमोटवरच्या एका बटणाला रात्रपाळीची खूण दिली. वावरात निघताना काकांनी ते दाबायचं. खूण असली की दहाला ओसरी आणि देवघर बंद, अंगण सकाळी सहापर्यंत चालू. मध्येच लाईन जाऊन आली तर बोर्ड बंद राहील, म्हणून दर अर्ध्या तासाला 'सर्व बंद' आणि लगेच 'अंगण'. दिवा क्षणभर मिचकतो. सहाला खूण आपोआप पुसली जाते. अंधारात बोटाला बटण लागावं म्हणून काकूंनी त्याच्यावर त्यांची जाड लाल टिकली चिकटवली. काकांनी चार वेळा दाबून पाहिलं, मग हातबॅटरीसाठी नवे सेल आणायला माझ्याच गाडीवर बसून फाट्यापर्यंत आले. पैसे मी घेतले नाहीत, त्यावरून काकूंशी थोडी ओढाताण झाली.

मुलाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा रात्री जातात हे मला ठाऊकच नव्हतं. ते फोनवर सगळं बरं आहे म्हणतात." त्याच्यावर चिडायचं ठरवून फोन लावला होता, जमलं नाही.

गेल्या दोन वर्षांत मी अशी सात घरं केली आहेत. सातही ठिकाणी वेळा पुण्या-नागपुरातून फोनवर घेतल्या. आता रविवारी एकेका घरी जातोय. काल तिसऱ्या घरी गेलो. दुपारचे सव्वातीन झाले होते, आणि घरधनी आत झोपलेले होते.