'बरं, येते' म्हणण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "घरच्यांना 'नाही' म्हणताना तुला अपराधी वाटत नाही का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, बहुतेकदा पंचविशीतल्या कुणाकडून तरी. वाटतं. अजूनही वाटतं.

अठराव्या वर्षी मी घराबाहेर पडले, बाविसाव्या वर्षी कमवायला लागले. मतं तर त्याआधीपासूनच आईबाबांशी जुळत नव्हती. तरी स्क्रीनवर आईचं नाव दिसलं की पोटात गोळा यायचा. ती म्हणायची, "काही नाही गं, सहज केला," आणि मी त्या 'सहज'चा सूर तपासत बसायचे.

जेफ्री हॉफमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये आईवडिलांपासून मनाने स्वतंत्र होण्याचे चार प्रकार मांडले. आपली कामं आपण निभावणं, आपली मतं असणं, त्यांच्या शाबासकीवाचून तग धरणं. आणि चौथा, त्यांच्याबाबत अपराधीपणा, धास्ती, राग यांचं ओझं सतत न वागवणं. वाचून हसूच आलं. पहिल्या दोन विषयांत मी उत्तम पास, चौथ्यात सपशेल नापास. तिसऱ्याचं विचारू नका.

माझा भाऊ दोन-दोन महिने फोन करत नाही. नातेवाइकांना तो मोकळा वाटतो. मला नाही वाटत. कुटुंबांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन अशा तोडून टाकण्याला स्वातंत्र्य मानत नसत. आत काहीतरी अजून अडकलेलं असतं, म्हणून तर एवढं लांब पळावं लागतं.

मी पळाले नाही, पण एकदा म्हटलं, "आई, या रविवारी नाही जमणार." पलीकडे शांतता. अशी शांतता आली की मीच घाईघाईने "बरं, येते" म्हणायचे आणि मग तिथे जाऊन दिवसभर चिडचिड करायचे. या वेळी जीभ आवरली. आईच्या मागे पंखा कुरकुरत होता, तो ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "बरं. गुरुवारी बाबांचे डोळे दाखवायचेत. तेव्हा येशील?"

"येते."

गुरुवारी बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते. समोरचं धूसर दिसत होतं, म्हणून जिना उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. अर्ध्यावर फोन वाजला. आईचा. पोटात गोळा आलाच.

जिना उतरून झाल्यावर उचलला.