घड्याळाला हात न लावता न्यूयॉर्क

सिंगापूरहून न्यूयॉर्कला मध्ये कुठेही न थांबता जायचं ठरलं, तेव्हा तिकिटाआधी मी पृथ्वीगोल आणि दोरा काढला. एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, दुसरं न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर. दोरा ताणला तर तो चक्क उत्तर ध्रुवाला घासून गेला. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत जवळपास 178 अंशांचा फरक, म्हणजे एक पृथ्वीच्या पोटाशी तर दुसरा पाठीशी. मग हिशेब तोंडी होतो. चांगीपासून ध्रुवापर्यंत 89 अंश, तिथून खाली जेएफकेपर्यंत 49, एकूण 138. अंशाला 111 किलोमीटर धरले की आकडा 15,300 च्या वर जातो. छापील अंतर 15,349. दोऱ्याच्या मानाने वाईट नाही!

विमान मात्र ध्रुवाकडे फिरकलंच नाही. समोरच्या पडद्यावर ते जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिकवर शिरलं. रस्ता लांबचा, पण तिथे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम हा वेगवान वारा वाहतो. एरवी ताशी 900 च्या आसपास जाणारं विमान 1,030 वर पोचलं, तेव्हा मी शेजारच्या झोपलेल्या गृहस्थांना उठवून दाखवणार होतो. अशा उड्डाणात किलोमीटरवरून वेळ काढणं फोलच; वारा कुठे आहे ते आधी बघायचं. तिकिटावरची वेळसुद्धा हवेतली नव्हे, गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. माझ्या तिकिटावर 18 तास 40 मिनिटं होती. वैमानिकाने हवेतले 18 तासही सांगितले नाहीत.

विमान एअरबस ए350-900 यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं. सिंगापूर एअरलाइन्सने 2018 मध्ये न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कची थेट सेवा याच विमानाने पुन्हा सुरू केली. टाक्यांत 1,65,000 लिटर इंधन मावतं आणि एवढ्या मोठ्या विमानात खुर्च्या फक्त 161. इकॉनॉमी वर्गच नाही. खिशाला ते झोंबलं, पण बाराव्या तासाला पाय पसरताना तक्रार मागे घेतली.

खरी गंमत घड्याळाची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या बरोबर 12 तास मागे असतं. म्हणजे काट्यांच्या घड्याळात काही बदलायचंच नाही, फक्त दिवसाची रात्र समजायची. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, एक तारीख पुन्हा मिळाली आणि साडेअठरा तासांवर प्रवास करूनही स्थानिक वेळेने जेमतेम पावणेसात तास खर्ची पडले.

परतताना विमान पुन्हा पूर्वेलाच निघालं, अटलांटिक आणि युरोपवरून. पृथ्वीप्रदक्षिणा झाली हे माझ्या लक्षात आलं तेव्हा नाश्ता येत होता. रात्री निघालो होतो, उतरलो पहाटे, तारीख दोन घरं पुढे.