गड्डा, धूळ आणि एक 'बे'

सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, जाणाऱ्यांनी लॉज आधीच ठरवून ठेवावा, असं लिहायला बसले होते. पण मी स्वतः चार दिवस आधी शोधायला लागले. नव्या पेठेजवळ मिळालेल्या खोलीत गिझर होता, गरम पाणी नव्हतं. भाडं मात्र यात्रेचं. वहिनीकडे उतरता आलं असतं, पण मग "यंदाच कशी यात्रा आठवली, ताई?" याला उत्तर द्यावं लागलं असतं.

यात्रा नव्हती आठवली. तो आठवला होता.

1994, दहावीचा क्लास. तो मागच्या बाकावर, मी पुढच्या. कंबर तलावाच्या कडेनं आम्ही सायकली हातात धरून चालत यायचो, कारण चालवल्या की रस्ता लवकर संपायचा. मग बाबांची गिरणी बंद पडली, आम्ही पुण्याला आलो आणि त्याच्या दोन्ही पत्रांना मी उत्तर दिलं नाही. कारण सांगायलाही लाज वाटते. पुण्यात कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'काय बे' निघालं आणि अख्खा वर्ग हसला. अंगावर सोलापूरचं जे जे होतं ते मी खरवडून काढलं. त्यात तोही गेला.

पुढं माझं लग्न झालं, मोडलं. त्याची बायको पाच वर्षांपूर्वी वारली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघं सापडलो.

हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री पोचले. सकाळी पार्क चौकात तो उभा. पांढरी बाराबंदी, चष्मा, बऱ्यापैकी पोट. म्हणाला, "प्रवास नीट झाला ना तुमचा?"

तुमचा!

मग मीही 'तुम्ही'वर गेले. अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापर्यंत आम्ही बँकेच्या कामाला निघाल्यासारखे चाललो. मुलं काय करतात, पाणी किती दिवसांनी येतं, पुण्यात फ्लॅटचे भाव काय. मला वाटलं, उगाच आले.

अक्षता सोहळ्याची गोष्ट सोलापुरात पोराटोरांना ठाऊक असते. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी. म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. ते लग्न दरवर्षी लागतं. लहानपणी मला त्यात फक्त अक्षता टाकायची मजा वाटायची. आता त्या पोरीसाठी जीव तुटतो.

सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, एकामागून एक यायला लागले तशी गर्दी अंगावर आली. "बोला, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" धूळ अशी, की डोळे उघडले तर धूळ आणि मिटले तर धक्के. लोक यात्रेच्या गर्दीला चैतन्य वगैरे म्हणतात, त्यांनी माझ्या जागी उभं राहून बघावं. चप्पल एका पायातली गेली. तो कुठंच दिसेना. संमती वाचन सुरू झालं, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' आणि हजारो हात वर. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटलेल्या. तेवढ्यात डावीकडून, सगळ्या गजराच्या वरून आवाज आला:

"ए! तिकडं कुठं चालली बे! इकडं ये!"

मी वळले. त्याच्या चष्म्यावर तांदूळ. तोही दचकला होता, जीभ चावून उभा. तीस वर्षांत मला 'बे' कुणी म्हटलं नव्हतं. म्हणू दिलं नव्हतं. मी त्या धुळीत एका चपलेवर उभी राहून रडले, आणि बाजूच्या आजींनी भक्तीचं रडणं समजून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाकी दोन दिवस फिरलो, खाल्लं. भुईकोट राहूनच गेला.

परतीच्या हुतात्माला सोडायला तो आला, हातात शेंगा चटणी आणि कडक भाकरी. नेमके त्याचे शेजारी फलाटावर भेटले. लगेच: "बसा तुम्ही, गार वारं आहे."

मी खिडकीतून म्हटलं, "नीट बोल."

त्यानं एकदा शेजाऱ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कान लाल.

"पोचल्यावर फोन कर," म्हणाला. गाडी हलली. दोन पावलं सोबत चालला आणि मग जरा मोठ्यानंच, "विसरू नको बे!"