इंदूर ते ग्वाल्हेर, ऐन जानेवारीत: हीटरला गॅस लागत नाही हो!

आधी निकाल सांगतो, मग प्रवास. गाडीच्या हीटरमधून गार वारा येतोय आणि मेकॅनिक म्हणाला, ‘गॅस खतम है, भरवा लो’, तर किल्ली परत घ्या आणि पुढे निघा. गॅस एसीला लागतो. हीटर चालतो इंजिनातून फिरून आलेल्या गरम कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यातून हवा ढकलतो, बाकी काही नाही. ब्यावरा बायपासवर या गॅसपायी माझे १,८०० रुपये आणि भर दुपारचे दोन तास गेले. हवा होती तितकीच गार. वर त्या इसमाचं पुढचं निदान: कोअर चोक आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल, सात हजार. गाडी रात्रभर ठेवायची. आई मागच्या सीटवर शालीत गुंडाळून बसलेली आणि हा म्हणतो गाडी ठेवा!

रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. देवास, मक्सी, शाजापूर, सारंगपूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी. साधारण ५०० किलोमीटर, सगळा जुना आग्रा-मुंबई रोड. ब्यावऱ्यापर्यंत उन्हात मजेत जाता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. टायर, वायपर, बॅटरी बघूनच निघाल हे धरून चालतो.

खरी परीक्षा गुना ते शिवपुरी. अंतर शंभरेक किलोमीटर, पण ते दोन तास गॅसमध्ये गेल्यामुळे आम्ही बदरवासला पोचलो तेव्हा काळोख पडला होता आणि शेतांवरून धुकं रस्त्यावर उतरत होतं. बाहेरच्या धुक्याला माणूस वेग कमी करून निभावतो. काच आतून धुरकट होते त्याचं काय करणार? डिफॉगरला गरम हवा हवी, ती नाही. फडक्याने पुसलं की काचेवर रेघा उठायच्या आणि समोरून ट्रकचा दिवा आला की त्या रेघा पंख्यासारख्या पसरून अख्खी काच पांढरी व्हायची. शेवटी एसी लावला. हो, जानेवारीत एसी. तो हवेतली ओल काढतो, त्यामुळे काच झटकन साफ होते. हवेचा नॉब काचेच्या खुणेवर, रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा आत, आणि पायांत दोन-दोन मोजे. काच साफ झाली, पण बोटं स्टिअरिंगवर बधिर झाली. आई म्हणाली, ‘अरे, बर्फाच्या पेटीत बसवलंयस की काय?’ हीटर चालू स्थितीत असेल तर तोही एसीसोबतच लावा. धुक्यात दोन्ही एकदम लावतात हे अजून कितीतरी जणांना माहीत नसतं.

कोलारसच्या अलीकडे ढाब्यावर चहाला थांबलो. तिथल्या एका ट्रकवाल्याने दोनच गोष्टी विचारल्या: तापमानाच्या काट्याच्या जागी निळा दिवा आहे का, आणि हवा कधी जरा कोमट होते. आमच्या गाडीत काटा नाही, इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा लागतो. तो सकाळी देवास गाठेपर्यंत विझला नव्हता आणि मोकळ्या रस्त्यावर मधूनच परत लागत होता. हवा कोमट व्हायची ती फक्त फाटकाशी किंवा टोलच्या रांगेत. ट्रकवाला म्हणाला, ‘थर्मोस्टेट निकाल दिया होगा किसी ने.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप. मग गार वारा अडवायला रेडिएटरच्या निम्म्या तोंडावर पुठ्ठा लावायला सांगितलं. लावला. शिवपुरी येईपर्यंत पायांशी ऊब जाणवू लागली! पुठ्ठा लावलात तर निम्माच लावा, तापमानावर नजर ठेवा आणि गावात शिरताना काढा, नाहीतर इंजिन तापेल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वयस्क मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटच्या जागेचं झाकण उचललं. आत कडेला जुन्या गॅस्केटचा करडा थर, मधे नुसतं भोक. थर्मोस्टॅट नव्हताच. मे महिन्यात इंदूरला गाडी तापत होती तेव्हा एका गॅरेजने तो काढून टाकला होता, न सांगता. ‘आपल्याकडे कशाला लागतो’ हे आपल्याकडचं लाडकं शहाणपण. हा झडपेचा तुकडा इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसला की हायवेवर इंजिन कायम गारठलेलं, पेट्रोल जास्त खातं, आणि उन्हाळ्यात गाडी का तापत होती ते दुखणं तसंच राहतं. नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, मजुरी, सगळं मिळून १,६५० झाले. गॅसपेक्षा कमी!

म्हणून निघण्याआधी घरीच बघा. हायवेवर गार आणि थांबल्यावर कोमट, तर थर्मोस्टॅट. उलट, उभ्या गाडीत गार आणि रेस दिल्यावर गरम, तर कूलंट कमी आहे किंवा लाइनमध्ये हवा अडकली आहे. इंजिन तापल्यावर बॉनेट उघडून आतल्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन पाइप जपून चाचपा. दोन्ही चटका देतात आणि हवा गार, तर गरम-गार हवा वळवणारी आतली झडप किंवा तिची केबल बिघडली आहे. एक गरम, एक गार, तर कोअर तुंबलाय किंवा हीटरकडे कूलंट सोडणारा कॉक बंद आहे. कोअर बदलण्याआधी तो फ्लश करून बघायला सांगा. डॅशबोर्ड खोलायची घाई फक्त बिल करणाऱ्याला असते. कूलंट भरून झाल्यावर हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवायला लावा, नाहीतर हवा तशीच अडकून राहते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हात भाजेल. आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

ग्वाल्हेरचे दिवस छान गेले, किल्ला पाहिला, खाणं झालं. परतताना हीटर इतका चालला की मोहनाच्या पुढे आईने खिडकी उघडायला लावली.

वेळेचं एवढंच: इंदूरहून सकाळी सहाला निघा म्हणजे शिवपुरी उजेडात पार होते. परत येताना मात्र सकाळचं धुकं असतं, म्हणून दहाच्या आत ग्वाल्हेर सोडू नका. तिथल्या आत्याबाई पहाटे चारला डबा बांधून उभ्या राहतील, ‘लवकर निघा, लवकर पोचाल’ म्हणतील. डबा घ्या आणि परत झोपा.