एमएच पासिंगची स्वस्त बीएमडब्ल्यू बेळगावात किती महाग पडते

पुण्यात 26 लाखांना मिळणारी गाडी बेळगावात 30 ला का, हा प्रश्न इकडं हमखास निघतो. वर्ष तेच, किलोमीटर तेवढेच, रंगही तोच. फरक बहुतेक वेळा गाडीत नसतो, पासिंगमध्ये असतो.

हिशोबासाठी एक गाडी धरू. बीएमडब्ल्यू 330आय, सहा-सात वर्षांची, नवी असताना शोरूम किंमत 48 लाख. कर्नाटकात 20 लाखांवरच्या कारला लाइफटाइम टॅक्स 18 टक्के आणि त्या टॅक्सवर 11 टक्के सेस. म्हणजे नव्या गाडीला 8.64 लाख अधिक 95 हजार, एकूण 9.59 लाख. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण ती मूळ किमतीवर काढलेल्या टॅक्समध्ये. तुम्ही गाडी 26 ला घेतली की 16 ला, याला कुणी विचारत नाही. या वयाला साधारण दोन-तृतीयांश टॅक्स धरून चाला, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. 26 ची गाडी केए-22, म्हणजे बेळगावच्या नंबरची, होईपर्यंत 32 वर गेली. मग केए पासिंगची 30 ला मागणारा लुटतोय, असं वाटत नाही.

महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळू शकतो, हे खरं आहे. पण तो इकडं नोंदणी झाल्यावर, कागद लावून, त्यांच्या सवडीनं. तो खरेदीच्या हिशोबात वजा करू नका. आला तर टायरला होईल.

‘एमएच नंबरवरच फिरवू, इथं निम्म्या गाड्या तशाच आहेत’ हा सल्ला तुम्हाला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरला रोज जाणाऱ्या अल्टोकडं कुणी बघत नसेल, पण 19 इंची चाकांवरची निळी सेडान नजरेत भरते. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळूरला आरटीओनं परराज्यातल्या नंबरच्या महागड्या गाड्या एकाच मोहिमेत धरून टॅक्स वसूल केला होता.

एमएच किंवा जीए (गोव्याची) गाडी घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, हातात हवी. ती बेळगाव आरटीओच्या नावानं, चिकोडी विभागात राहत असाल तर केए-23 च्या. ई-चलान थकलं असेल किंवा बँकेचा बोजा उतरला नसेल तर एनओसी अडकते. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र विकणाऱ्याकडूनच आणवून घ्या. पैसे मिळाल्यावर तो फोन उचलेल याची खात्री नाही. इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्या फरकाचा प्रीमियम तुम्हीच भरता. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारा विमा, बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर देत नाहीत. म्हणून कोटेशन गाडी ठरवण्याआधी मागवा.

आता गाडी.

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडीच बघायची. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर ‘उद्या येतो’ म्हणून उठा. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग चेन खळखळते का, कान देऊन ऐका. जुन्या 320डी मधलं एन47 डिझेल इंजिन याच कारणासाठी बदनाम आहे. त्याची ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडं बसवलेली आहे. ती खळखळली की काम करायला गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली घ्यावं लागतं, आणि पार्टपेक्षा मजुरी भारी पडते. 328आय मधल्या एन20 पेट्रोलमध्ये चेनचे प्लॅस्टिक गाइड झिजतात, त्याचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत जातो. यानंतर आलेली बी47 डिझेल आणि बी48 पेट्रोल इंजिनं पुष्कळ बरी. माझ्या मते बजेट ताणायचं ते या दोन इंजिनांसाठी. सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी नाही. जॅग्वार एक्सईचं दोन लिटर डिझेलही चेनसाठी ओळखलं जातं आणि जुन्या ऑडी ए4 मधलं टीएफएसआय पेट्रोल इंजिन ऑइल पितं. तिथं दर हजार किलोमीटरला किती ऑइल टॉप-अप होतं, हे मालकाला सरळ विचारा.

गिअरबॉक्ससाठी वंटमुरीचा घाट हाताशी आहे. हायवेनं चढताना अर्ध्या थ्रॉटलवर, किकडाउन न करता (म्हणजे पेडल तळापर्यंत न दाबता), गिअर बदलताना गचका किंवा आरपीएमची सरक जाणवते का बघा. मग सपाटीला 40 वरून हळूहळू थांबा. दुसऱ्यावरून पहिल्यात येताना मागून ढकलल्यासारखं झालं तर ऑइल जुनं झालंय. बीएमडब्ल्यूच्या या ऑटोमॅटिकला झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स असतो. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं विकणारा सांगेल. बॉक्स बनवणाऱ्या झेडएफचा सल्ला मात्र 80 हजार ते 1.20 लाख किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलण्याचा आहे. फिल्टर वेगळा येत नाही, प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच असतो, म्हणून अख्खा चेंबर बदलतात. बोल्ट अॅल्युमिनियमचे, एकदाच वापरायचे. लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल 30 ते 50 अंशांवर असताना. म्हणजे स्कॅनर लावल्याशिवाय हे काम होतच नाही. अंदाजानं ‘जेवढं निघालं तेवढं ओतलं’ केलं की पुढच्या उन्हाळ्यात बॉक्स घसरायला लागतो. या कामाला ऑइल-चेंबर धरून 40 ते 60 हजार बाजूला ठेवा.

उद्यमबागेत लोखंडाचं काय पाहिजे ते बनवून मिळतं, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो बरोबरच आहे. पण सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मचा बुश रबराचा, काहींत आत तेल भरलेला असतो. तो लेथवर होत नाही. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचं कोडिंगही तिथं होत नाही. साधी बॅटरी बदलली तरी गाडीला ते सांगावं लागतं, नाहीतर ती नव्या बॅटरीला जुनी समजून चार्ज करते. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत एजीएम बॅटरीच हवी. साधी बसवून वाचलेले दहा हजार वर्षभरात परत जातात.

बेळगावचा पाऊस वेगळा खर्च आणतो. टिळकवाडी, कॅम्प भागात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या सनरूफची पाणी जाण्याची नळी पाचोळ्यानं तुंबते. पाणी मग छताच्या कडेनं खांबातून उतरतं आणि गालिच्याखाली साचतं. वरून काही दिसत नाही, फक्त एसी लावल्यावर कुबट वास येतो. तपासणी एका तांब्याची आहे. सनरूफ उघडा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांच्या पन्हाळीत हळू पाणी सोडा. ते पुढच्या चाकाच्या मागं जमिनीवर धारेनं पडलं पाहिजे. थेंब थेंब पडलं किंवा आलंच नाही, तर गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या फोममध्ये बोट खुपसा.

एमएच-09 (कोल्हापूर) आणि एमएच-10 (सांगली) च्या गाड्यांना 2019 आणि 2021 चा महापूर लक्षात ठेवून बघा. निपाणी, चिकोडीकडच्या आपल्या गाड्यांनाही तोच नियम. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गढूळ रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांवरचा गंज पॉलिशवाल्याच्या हाताला लागत नाही. इन्शुरन्सचा क्लेम इतिहासही मागा.

टायरचा हिशोब लोक विसरतात. 3 सिरीजला बहुतेक वेळा रनफ्लॅट असतात. 18 इंचीचा एक 20 ते 30 हजारांच्या दरम्यान पडतो, आणि पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असतील तर अदलाबदलही करता येत नाही. पंक्चर झाल्यावर रनफ्लॅट ताशी 80 च्या आत, साधारण 80 किलोमीटर चालतो, हे ब्रोशरमधलं. चोर्ल्याच्या रस्त्यावर खड्ड्यानं बगल फाटली की तोही चालत नाही, मग फ्लॅटबेडच. बगलेवर फुगा आलाय का, हे चाक पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर वळवून दोन्ही अंगांनी बघा. टायरच्या बगलेवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसू दे, त्या चारांचे पैसे किमतीतून तोडा.

बीएस-6 डिझेल घेणाऱ्यांनी स्वतःचं रोजचं अंतर मोजावं. टिळकवाडी ते कॅम्प, परत टिळकवाडी, एवढंच चालणार असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरत राहणार. त्याला साफ व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग मोकळा रस्ता लागतो. आठवड्यातून एकदा धारवाड किंवा कोल्हापूर होत असेल तर डिझेल घ्या, नाहीतर पेट्रोल बरं. पेट्रोलला कोणतं ऑक्टेन लागतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. 95 लिहिलं असेल तर इंडियन ऑइलचं एक्सपी95 पेट्रोल जवळच्या पंपावर मिळतं का, ते आधीच बघून ठेवा.

पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायची रक्कम मी अशी मांडतो: गिअरबॉक्स ऑइल 50 हजार, चार टायर एक लाख, ब्रेक डिस्क आणि पॅड 80 हजार, सर्व्हिस आणि बारीकसारीक 50 हजार, अचानक येणाऱ्या एखाद्या मॉड्यूलला किंवा कूलंटच्या गळतीला एक लाख. सगळं मिळून 3.80 लाख, इन्शुरन्स वेगळा. गाडी घेऊन खात्यात एवढे उरत नसतील, तर त्याच पैशात केए पासिंगची जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया बघा. तीही वंटमुरी बरी चढते.