कोणत्या दरवाज्यानं?

बडोद्याच्या जुन्या शहरातल्या माणसाला ‘कुठं राहता?’ असं विचारलं तर तो आधी ‘चार दरवाज्यांत’ म्हणतो आणि मग कोणता दरवाजा ते सांगतो. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट, आणि चौघांच्या मधोमध मांडवी. सोंगट्यांचा पट उलगडून ठेवावा तसं हे गाव आहे. मधलं घर मांडवीचं, तिथून चार पट्ट्या चार दरवाज्यांकडे गेलेल्या. तट कधीच गेला, दरवाजे उभे आहेत. त्यांच्या कमानीखाली भाजीवाली बसते, कबुतरं वर बसतात, आणि खालच्यांना त्याचा प्रसाद मिळतो. लहानपणी आम्हाला हरवण्याची भीती नव्हती. ‘चुकलीस तर मांडवीत येऊन उभी राहा’ एवढाच आत्याचा आदेश असे. कुठूनही चालत सुटलं तरी मांडवी लागायचीच.

हाच नकाशा डोक्यात घेऊन आत्या पहिल्यांदा मुंबईला आली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. दादरला नातेवाइकांकडे उतरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या चुलतभावाबरोबर लोकलनं चर्चगेटला गेलो. स्टेशनाबाहेर पडताच आत्या थांबली. पिशवी काखेत घट्ट धरून, टाचा उंचावून ती लोकांच्या डोक्यांवरून काहीतरी शोधू लागली. शेवटी घाईत चाललेल्या एका गृहस्थांना तिनं अडवलंच. ‘अहो, दरवाजा कुठल्या बाजूला?’

‘कसला दरवाजा?’

‘हाच. चर्चगेट.’

ते हसलेसुद्धा नाहीत. ‘दरवाजा नाहीये इथं, आजी,’ म्हणाले आणि निघून गेले. आत्या तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, त्यामुळे ‘आजी’ अधिक लागलं की दरवाजा नसणं अधिक लागलं, कोण जाणे. ‘दरवाजा नाही तर नाव कशाला ठेवलं मेल्यांनी?’ असं पुटपुटत ती चालू लागली. आणि वर म्हणते, ‘असता तर बरं झालं असतं ने. आत शिरलं की सरळ मांडवी.’

चुलतभाऊ पोट धरून हसला. मग त्याच्याच लक्षात आलं की मुंबईत मांडवी आहे! मशीद बंदराच्या बाजूला. आत्या जिंकली. पुढं वर्षानुवर्षं ती हा विजय सांगत असे.

मला तो किस्सा उलगडला तो फार उशिरा. मुंबईला एकेकाळी आमच्यासारखाच तट होता. इंग्रजांनी 1716 च्या सुमारास तो पुरा केला. जुनी मंडळी त्या भागाला ‘कोट’ म्हणत. त्याला जमिनीच्या बाजूनं तीन दरवाजे होते. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. त्यातला मधला दरवाजा ज्या चर्चमुळं चर्च गेट झाला ते सेंट थॉमस 1718 मध्ये प्रार्थनेसाठी उघडलं आणि अजून जागेवर आहे. दरवाजा मात्र फ्लोरा फाउंटनपाशी होता, म्हणजे आत्या जिथं टाचा उंचावत होती तिथून चांगला दहा मिनिटं चालत. नाव रस्त्यावरून घरंगळत पश्चिमेला गेलं आणि स्टेशनात जाऊन बसलं.

तटाभोवती खंदक खणला तो आपल्या लोकांच्या धास्तीनं. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. खंदकासाठी त्यांनी 30,000 रुपये वर्गणी काढली. हे वाचल्यावर मला उगाचच बरं वाटलं. बडोद्यात बसून वसईचा अभिमान वाटायला काय जातंय! पण तीस हजारांचा खड्डा खणायला लावणं ही काही लहान गोष्ट नाही.

तटाच्या आत गोरे, पारशी, धनिक व्यापारी आणि गर्दी. बाहेर, तोफांच्या माऱ्यापुढं आडोसा नको म्हणून मोकळं सोडलेलं मैदान. त्याच्या पलीकडे उरलेलं गाव. काळबादेवी, गिरगाव आणि आत्याची मांडवी. मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा. आमच्या मांडवीत माल बैलगाडीनं आला, त्यांच्या मांडवीत गलबतानं. फरक एवढाच की आमची मांडवी दरवाज्यांच्या आत, मधोमध, आणि त्यांची दरवाज्याबाहेर, धक्क्याला लागून. आत्या सरळ आत शिरली असती तर मांडवी लागली नसती. बझार गेटनं बाहेर पडून उत्तरेला जावं लागलं असतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रोगी याच मांडवीत ओळखला गेला, हेही नाही. त्या प्लेगच्या धसक्यानं 1898 मध्ये सुधारणा ट्रस्ट निघाला, त्यानं दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. आम्ही ज्या हवेशीर घरात उतरलो होतो ते असं मांडवीच्या उपकारातलं होतं.

तट पडला 1860 च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना. तोपर्यंत तटाचा उपयोग वारा अडवण्यापुरताच उरला होता. त्याच वेळी अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून गिरण्यांना आपला कापूस हवा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. 1865 ला युद्ध संपलं, पूर ओसरला, भलेभले बुडाले. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही त्यात होते. पण त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशातून 280 फुटांचा मनोरा 1878 मध्ये उभा राहिलाच, आईच्या नावाचा, राजाबाई टॉवर. त्याचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. तटाच्या जागी अशा इमारतींची रांग लागली. हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय. समोरच्या मैदानापैकी ओव्हल आजही मोकळं आहे. तोफेसाठी राखलेल्या जमिनीवर पोरं क्रिकेट खेळतात. शत्रूचं जाऊ द्या, मुंबईकरांना हवा खायला जागा राहिली ती तोफांच्या कृपेनं.

मला मौज वाटते ती पुढची. तिन्ही दरवाजे पाडून मोकळ्या झालेल्या या शहरानं, अर्ध्या शतकानंतर, एक नवाकोरा दरवाजा बांधला. गेटवे ऑफ इंडिया. 1913 मध्ये पायाभरणी, 1924 मध्ये उद्घाटन. आजूबाजूला तट नाही, आत-बाहेर नाही, नुसता दरवाजा, समुद्राकडे तोंड करून. जॉर्ज विटेटनं त्याची घडण घेतली ती सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींवरून. आमचा चांपानेर दरवाजा ज्या चांपानेरच्या नावाचा, तिथल्या मशिदींची घडण पाहिलेल्याला गेटवेसमोर उभं राहिल्यावर माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं. योगायोग असा की 2004 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत चांपानेर आणि मुंबईचं व्हीटी स्टेशन बरोबरीनंच शिरले.

आणि चर्चगेट स्टेशनासमोरची ती घुमटांची देखणी इमारत, पश्चिम रेल्वेचं मुख्यालय! ती बांधली बीबी अँड सीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं. त्यातला दुसरा ‘बी’ आमचा, बडोद्याचा. आत्या त्याच्याच सावलीत उभी राहून दरवाजा शोधत होती.

परतीच्या गाडीनं पहाटे बडोदा आलं. स्टेशनाबाहेर आत्यानं रिक्षा ठरवली. ‘मांडवी,’ म्हणाली. रिक्षावाल्यानं मीटर खाली पाडलं आणि मान मागं वळवून विचारलं, ‘कया दरवाजेथी लउं, माशी?’

आत्या मुंबई सुटल्यापासून पहिल्यांदा टेकून बसली. ‘लहेरीपुऱ्यानं घे. चांपानेरला आत्ता दूधवाल्यांच्या सायकली असतील.’